पातळीनुसार गट : कधी, कशासाठी आणि किती दिवस

प्रश्न एका नव्या शिक्षिकेचा आहे. पाचवीचा वर्ग, ४४ मुलं. वर्षाच्या सुरुवातीच्या चाचणीवरून मुख्याध्यापकांनी वर्गाचे तीन गट पाडायला सांगितले : हुशार, मध्यम आणि कच्चे. तिन्ही गट वेगवेगळ्या रांगांत बसतात. महिनाभरात कच्च्यांच्या रांगेतला एक मुलगा वहीच उघडेनासा झाला आहे. हुशार मुलं काम पटकन उरकून गोंधळ घालतात आणि बाईंचा बहुतेक वेळ मधल्या गटाच्या वह्या तपासण्यात जातो. हे गट मोडावेत का, असं त्या विचारतात.

बाई, आहेत ते गट मोडा आणि लगेच दुसरे करा. आत्ता तुम्ही मुलांचे गट केले आहेत. तुम्हाला हवेत ते एकेका कौशल्याचे गट, तेही तीन-चार आठवड्यांपुरते. मी सत्तावीस वर्षं प्राथमिक वर्ग शिकवले. त्यातली पहिली सहा वर्षं मीही जूनमध्ये गट पाडायचो आणि मार्चपर्यंत तेच चालवायचो. एका वर्षी निकाल लावताना जूनची यादी शेजारी ठेवली, तर खालच्या गटातलं एकही मूल वर सरकलेलं नव्हतं. मी त्यांना जास्त वेळ दिला होता, जास्त गणितं दिली होती, तरीही. तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेला नाही. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी 'कच्चा' या शब्दाबद्दल. आपल्या भाषेत न शिकणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणतात. ब्राह्मी लिपीपासून आजवर बाकी अक्षरं बदलत गेली, 'ढ'चा आकार मात्र फारसा बदलला नाही, म्हणून जो बदलत नाही तो 'ढ', असं त्याचं कारण सांगतात. कारण खरं असो वा नसो, शब्दामागची समजूत नेमकी कळते : हे मूल असंच राहणार. तुमच्या वर्गातल्या रांगा तेच सांगताहेत. गटांना फुलांची किंवा पक्ष्यांची नावं देऊन हे झाकता येत नाही. मुलांना आठवडाभरात कळतं की कोणत्या पक्ष्याला सोपी गणितं मिळतात. त्यामुळे नाव बदलण्यात वेळ घालवू नका. गट हलते ठेवा. जो मुलगा वजाबाकीत एका गटात आहे तो वाचनात दुसऱ्या, मापनात तिसऱ्या गटात असेल आणि महिन्याने तिथूनही हलणार असेल, तर त्याला कोणतीच रांग कायमची चिकटत नाही.

गट करण्याला तत्त्वतः विरोध असणारेही पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही, पण पुरावे एका बाजूचे नाहीत. रॉबर्ट स्लाव्हिन या अमेरिकन संशोधकाने १९८७ मध्ये प्राथमिक शाळांमधल्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. मुलांना सगळ्या विषयांसाठी, दिवसभरासाठी पातळीनुसार वेगवेगळ्या तुकड्यांत बसवल्याने फायदा होतो, असं त्यात दिसलं नाही. पण मुलं एरवी मिश्र वर्गात आणि फक्त वाचनाच्या तासाला इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार एकत्र, अशी रचना होती तिथे फायदा दिसला. एकाच वर्गातल्या मुलांचे गणितापुरते दोन-तीन गट केले तिथेही दिसला. १९९० मध्ये त्यांनी माध्यमिक शाळांचा असाच आढावा घेतला, तेव्हा वेगळ्या तुकड्यांचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला.

दुसरीकडे केनियाचा प्रयोग आहे. पश्चिम केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांना पहिलीसाठी एकेक जादा शिक्षक मिळाला आणि एका वर्गाचे दोन झाले. साधारण निम्म्या शाळांत मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन वर्गांत विभागली, उरलेल्यांत आधीच्या गुणांनुसार. एस्थर डुफ्लो, पास्कलिन ड्युपा आणि मायकेल क्रेमर यांचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पातळीनुसार वाटलेल्या शाळांत वरची आणि खालची, दोन्ही मुलं जास्त शिकली. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. अगदी मधली जी मुलं गुणांच्या किंचित फरकाने खालच्या वर्गात गेली आणि जी वरच्या वर्गात गेली, ती शेवटी जवळपास सारखीच निघाली. खालच्या वर्गात पडल्याने त्यांचं नुकसान झालं नाही, कारण तिथल्या शिक्षकाला समोरच्या मुलांपासून सुरुवात करता आली.

आपल्याकडचं उदाहरण बालसखी या उपक्रमाचं. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यात तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वर्गाबाहेर नेऊन, ती जिथे होती तिथून शिकवलं. २००१ ते २००३ या काळात त्याची काटेकोर तपासणी झाली आणि फायदा स्पष्ट दिसला, मुख्यतः सगळ्यात मागे असलेल्या मुलांचा. त्याच कामातून पुढे निघालेली पद्धत सरकारी शाळांत नेताना एक धडा मिळाला. बिहारमध्ये नुसतं साहित्य वाटलं तिथे काही हललं नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये वेळापत्रकात रोजचा ठरावीक वेळ राखला, इयत्ता बाजूला ठेवून मुलं पातळीनुसार बसवली, वरून सातत्याने पाठपुरावा केला, तेव्हा भाषेत मुलं पुढे गेली.

हे सगळं शेजारी ठेवून मी जे समजलो ते असं : गट केल्याने मूल शिकत नाही. गट केल्यामुळे तुम्ही काहीतरी वेगळं शिकवू शकलात, तर शिकतं. गट पाडून तिन्ही गटांना एकच धडा आणि एकच स्वाध्याय दिला, तर हाती फक्त शिक्का लागतो.

आता वेगळं शिकवायचं म्हणजे काय, ते एका गणितावर दाखवतो.

४०३ वजा १५८. माझ्या वर्गातल्या तीन मुलांनी हे एकाच दिवशी चुकवलं. एकाचं उत्तर ३५५, एकीचं १५५, तिसऱ्याचं ५६१. गुणपत्रकात तिघंही शून्यावर, म्हणजे तिघंही कच्च्यांच्या रांगेत. पण वह्या उघडून बघा.

३५५ लिहिणाऱ्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. आठातून तीन पाच, पाचातून शून्य पाच, चारातून एक तीन. वर कोण, खाली कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि हा त्याचा आळस नाही. 'लहानातून मोठा जात नाही' हे वाक्य त्याने पहिली-दुसरीत ऐकलं आणि इमानदारीने पाळलं. त्याच्यासाठी ४०३ ही एक संख्या नाही, शेजारी शेजारी लिहिलेले तीन सुटे अंक आहेत. या मुलाला वजाबाकीची आणखी वीस गणितं दिली तर तो वीसही याच रीतीने सोडवेल आणि चूक पक्की होईल. त्याला काड्यांचे गठ्ठे लागतात : शंभराचे, दहाचे, सुट्या. तीन काड्यांतून आठ देऊन दाखव म्हटल्यावर तो अडतो, आणि त्या अडण्यातूनच त्याचं शिकणं सुरू होतं.

१५५ लिहिणारी मुलगी बरीच पुढे आहे. तिला माहीत आहे की एकक पुरले नाहीत तर शेजारून घ्यायचं. दशकाच्या घरात शून्य दिसलं, म्हणून ती थेट शतकाकडे गेली, एक शतक सुटं केलं आणि एककाला दहा दिले. तेरातून आठ गेले पाच. मग दशकासाठी पुन्हा एक शतक सुटं केलं, दहातून पाच गेले पाच, शतकाच्या घरात उरलेल्या दोनातून एक गेला एक. तिचं उत्तर बरोबर उत्तरापेक्षा, म्हणजे २४५ पेक्षा, नेमकं ९० ने कमी आहे. शंभराचा गठ्ठा सोडून तिने एककाला दहाच दिले, उरलेले नव्वद वाटेत हरवले. हे तिला तिच्याच वहीत दाखवलं, "तुझे नव्वद कुठे गेले ते शोध" म्हटलं, की दहा मिनिटांचं काम आहे. तिला गठ्ठ्यांपासून पुन्हा सुरुवात करायला लावणं म्हणजे तिचे दोन आठवडे वाया घालवणं.

आणि ५६१? त्याने बेरीज केली. हातच्यासकट, अगदी अचूक. त्याला वजाबाकी येते की नाही हे या गणितावरून कळतच नाही. त्याला सोडवण्याआधी चिन्हावर बोट ठेवायची सवय लावायची आणि पुन्हा विचारायचं.

अशा चुका मनाला येईल तशा नसतात, त्यांना ठरलेल्या वाटा असतात, हे जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीवरच दाखवून दिलं. मुलाची चुकीची रीत एकदा कळली, की पुढच्या गणितात ते काय उत्तर लिहील हे आधी सांगता येतं. वर्गात हे करून बघा. एखाद्या मुलाच्या चार चुका पाहून पाचव्या गणिताचं त्याचं उत्तर कागदावर लिहून ठेवा. ते जुळलं, की त्या मुलाबद्दल तुम्हाला गुणपत्रकाहून कितीतरी जास्त कळलेलं असतं.

म्हणून गट करण्याआधी चाचणीचे गुण बाजूला ठेवा. गणितात एका कौशल्याची चार-पाच उदाहरणं निवडा, प्रत्येकात अडचण वेगळी असेल अशी. वजाबाकीत एक सरळ, एक दशक सुटा करायचा, एक शून्य ओलांडायचं, एक शाब्दिक. मुलाला जवळ बसवा आणि म्हणा, "बोलत बोलत कर, तू काय करतोयस ते मला ऐकायचंय." एका मुलाला दोन-तीन मिनिटं लागतात. ४४ मुलांचे मिळून साधारण दोन तास होतात, ते आठवडाभरात पसरले की जाणवतही नाहीत. हे करताना मूल चुकलं तर दुरुस्त करायला जाऊ नका. ते फार जड जातं, आपला हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. पण त्या वेळी आपण फक्त ऐकायला बसलेलो असतो.

वाचनाचंही तसंच. एका कागदावर अक्षरं, शब्द, दोन सोपी वाक्यं, एक उतारा आणि एक छोटी गोष्ट एवढं पुरतं. फक्त मूल खडाखडा वाचतं म्हणून त्याला वरच्या गटात टाकू नका. खणखणीत आवाजात, विरामचिन्हांसकट पान वाचून दाखवणारी आणि नंतर "गोष्टीत कोण हरवलं होतं?" याचं उत्तर न देता येणारी मुलं प्रत्येक वर्गात दोन-तीन तरी असतात. आवाजामुळे ती वर्षानुवर्षं झाकून राहतात. त्यांचा गट वेगळा.

आता तास कसा चालवायचा. इथे बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गटाचं काम रोज नको. आठवड्यातले तीन तास पुरे, बाकी तास सगळा वर्ग एकत्र. आणि गटाच्या तासालाही पहिली दहा मिनिटं एकत्रच. एकच प्रश्न सगळ्यांपुढे ठेवायचा, असा की ज्याला प्रत्येक जण काहीतरी म्हणू शकेल. उदाहरणार्थ फळ्यावर ४०३ आणि १५८ लिहा आणि विचारा, "न सोडवता सांगा, फरक दोनशेपेक्षा जास्त की कमी? कशावरून?" मूळ पाठ, मूळ गोष्ट, मूळ संकल्पना कुणाच्याही वाट्याची कापायची नाही. खालच्या गटाला वर्षभर फक्त आकडेमोड आणि अक्षरं गिरवणं दिलं, तर ती मुलं त्या इयत्तेचा विषय कधी ऐकतच नाहीत आणि पुढच्या वर्षी अंतर आणखी वाढतं. हे नुकसान सावकाश होतं, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

मग वीस मिनिटं गट. त्यात तुम्ही एकाच गटाजवळ, फार तर दोन गटांजवळ बसायचं. बसताना पाठ भिंतीकडे आणि तोंड सगळ्या वर्गाकडे. साधी गोष्ट आहे, पण निम्मा गोंधळ त्यानेच थांबतो. बाकी गटांना जे काम द्याल ते तुम्हाला न विचारता करता आलं पाहिजे. हे फार महत्त्वाचं आहे. नवा भाग कधीही गटावर सोडून देऊ नका. स्वतंत्र कामाला कालचा किंवा गेल्या आठवड्यातला भागच द्या. अडलं तर आधी आपली वही उलटून बघायची, मग शेजाऱ्याला विचारायचं, तरी नाही सुटलं तर गणितापुढे खूण करून पुढच्याकडे जायचं, एवढी शिस्त लावा. ती लावायला पहिले दोन आठवडे जातील. त्या दोन आठवड्यांत काही शिकवून होत नाही असं वाटेल. वाटू द्या. ज्यांनी तो वेळ वाचवला ते शिक्षक पुढचे आठ महिने "गप्प बसा" म्हणण्यात घालवतात.

शेवटची दहा मिनिटं पुन्हा एकत्र. प्रत्येक गटाने आज काय सापडलं ते सांगायचं. गठ्ठ्यांवर काम करणाऱ्यांना आधी बोलावा. त्यांनी फळ्यापुढे काड्या सोडून दाखवल्या, की नियम पाठ असलेल्या मुलांनाही तो नियम का चालतो ते तिथेच कळतं.

आणि तुम्ही स्वतः कुठे बसता ते आठवडाभर लिहून ठेवा. तुमच्या प्रश्नावरून दिसतं की मधल्या गटाच्या वह्या तपासण्यात वेळ जातो. त्या वह्या मुलांनाच एकमेकांच्या तपासू द्या, उत्तरं फळ्यावर लिहा. तुमचा वेळ तिथे हवा जिथे मूल एकट्याने पुढे जाऊ शकत नाही. चार गट असतील तर गठ्ठ्यांच्या गटाकडे आठवड्यातून दोनदा आणि बाकीच्यांकडे एकेकदा, असं ठेवा. काही शाळांत कच्च्या मुलांना मॉनिटरवर किंवा नवख्या मदतनिसावर सोपवतात. सगळ्यात अवघड निदान ज्याचं, त्याला सगळ्यात कमी अनुभवाचा माणूस, हे मला कधीच पटलेलं नाही. मदतनीस असेल तर त्याला पुढच्या गटाजवळ बसवा आणि तुम्ही मागच्यांजवळ जा.

गटात बसल्यावर मदत किती करायची? १९७६ मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला देऊन हेच पाहिलं. त्या मदतीला त्यांनी इमारतीच्या परांचीची उपमा दिली. उपमा चांगली आहे, कारण परांची काढण्यासाठीच बांधतात. आपण बांधतो आणि काढायला विसरतो.

काढायची एक रीत मला फार उपयोगी पडली. पहिलं गणित पूर्ण सोडवलेलं द्यायचं, मुलाने फक्त प्रत्येक पायरी का केली ते सांगायचं. दुसऱ्यात शेवटची पायरी कोरी. तिसऱ्यात शेवटच्या दोन कोऱ्या. चौथ्यात फक्त सुरुवात करून दिलेली. पाचवं सगळं त्याचं. एका तासात मूल पहिल्यावरून तिसऱ्यावर आलं तरी पुष्कळ. हीच पाचही गणितं ज्याला रीत आधीच येते त्याला दिली तर मात्र त्याचं काम उलट अडखळतं, कारण आपली रीत बाजूला ठेवून त्याला तुमची वाचत बसावं लागतं. एकाची मदत दुसऱ्याची अडचण होते. गट करण्याचं मला पटलेलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

शाब्दिक उदाहरणांत मदत वेगळी लागते. तिथे मूल बहुधा गणितात अडलेलं नसतं, वाक्यात अडलेलं असतं. 'पेक्षा', 'पैकी', 'उरलेले', 'प्रत्येकी' हे चार शब्द फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा. आणि आकडे काढून टाकून उदाहरण वाचून दाखवा : "एका टोपलीत काही फळं होती, त्यांपैकी काही दिली, तर काय विचारलंय?" आकडे नसले की मुलाला गोष्ट ऐकावीच लागते.

सगळ्यात अवघड मदत म्हणजे थांबणं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबत होते. तीन सेकंद थांबायला सुरुवात झाली तेव्हा उत्तरं लांबली, नेमकी झाली आणि एरवी गप्प राहणारी मुलं बोलायला लागली. आणि वर्गांच्या निरीक्षणांत वारंवार दिसलं आहे की ज्या मुलाकडून उत्तराची आशा नाही त्याच्यासाठी आपण आणखी कमी थांबतो. आपल्याला वाटतं आपण त्याला लाजण्यापासून वाचवतोय. त्याला कळतं की आपण त्याला सोडून दिलंय. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा १९६८ चा प्रयोग अनेकांना माहीत असेल : काही मुलं यंदा झेप घेणार आहेत असं शिक्षकांना सांगितलं, ती नावं खरं तर चिठ्ठ्या टाकून काढली होती, आणि वर्षअखेर लहान इयत्तांमधल्या त्या मुलांची प्रगती जास्त दिसली. त्या प्रयोगावर पुष्कळ टीका झाली आणि नंतरच्या अभ्यासांत परिणाम बराच लहान दिसला. पण दिशा तीच राहिली. मी स्वतः मनात तीन अंक मोजतो. खालच्या गटात पाच.

हुशार मुलाला कच्च्या मुलाशेजारी बसवावं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मुख्याध्यापक विचारतील. जोड्या चांगल्या, पण कशा चालतात ते बघा. नोरीन वेब यांनी मुलांच्या गटातलं संभाषण वर्षानुवर्षं अभ्यासलं. समजावून सांगणारा शिकतो. ज्याला नुसतं उत्तर मिळतं तो शिकत नाही. तेव्हा नियम करा की शेजाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, 'पुढे काय करायचं' एवढंच विचारायचं. आणि एकच मूल कायम गुरू, दुसरं कायम शिष्य, असं होऊ देऊ नका. इतिहास, परिसर, भाषेतल्या चर्चा यांसाठी मिश्र गटच ठेवा. इलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिनमध्ये सुरू केलेली रीत तिथे छान चालते : पाठाचे चार-पाच तुकडे, प्रत्येकाकडे एक, आणि आपला तुकडा सांगितल्याशिवाय गटाचं काम पुरं होत नाही. ज्याचं कधी कुणी ऐकत नाही त्याचं अशा वेळी सगळ्यांना ऐकावंच लागतं. मात्र त्या मुलाचा तुकडा आदल्या दिवशी तुम्ही त्याच्याबरोबर वाचून घ्या, नाहीतर चौघांसमोर त्याची फजिती होते.

आता गोंधळ घालणारी हुशार मुलं. त्यांना वरच्या इयत्तेचा धडा नको आणि त्याच प्रकारची आणखी दहा गणितं तर नकोच, ती शिक्षाच वाटते. तेच गणित खोल करा. ४०३ वजा १५८ बरोबर २४५ हे झालं ना? मग सांगा, "अशा दोन संख्या शोधा की वजाबाकी २४५च येईल, पण कुठेही काही सुटं करावं लागणार नाही." थोडा वेळ ती चाचपडतील. मग कुणीतरी दोन्ही संख्यांत दोन मिळवून ४०५ वजा १६० लिहील. तिथेही दशक अडतंच. मग कुणीतरी दोन्हींत ४२ मिळवेल : ४४५ वजा २००. तोंडी उत्तर! दोन्ही संख्या सारख्याच सरकवल्या तर फरक बदलत नाही हे त्यांनी स्वतः शोधलेलं असतं, आणि ही मोठी गणिती कल्पना आहे. पुढे विचारा, हे नेहमी का चालतं, चित्र काढून पटवून द्या. तास पुरत नाही.

गट कधी बदलायचे? दर तीन-चार आठवड्यांनी, घटक संपला की. एका कागदावर मुलांची नावं उभी आणि त्या घटकातली चार-पाच कौशल्यं आडवी लिहा. मदतीशिवाय दोन वेगवेगळ्या दिवशी जमलं तर बरोबरची खूण, मदतीने जमलं तर अर्धी. एका दिवसाच्या यशावर हलवू नका, आणि एका दिवसाच्या चुकीवर थांबवूही नका. मुलाला हलवताना तिथे समारंभ नको. "तुझं शून्याचं काम झालं, उद्यापासून शाब्दिकवाल्यांबरोबर बस" एवढंच. आणि दोन वेळा गट बदलूनही एखादं मूल तिथेच राहिलं, तर आपली मदत चुकतेय असं धरून पुन्हा शेजारी बसून ऐका. त्याचे कान आणि डोळे तपासून घ्यायला सांगा. फळ्यावरचं दिसत नसल्याने खालच्या गटात गेलेली दोन मुलं मी पाहिली आहेत. अक्षरं-अंक ओळखण्यातली अडचण तशीच टिकत असेल तर तज्ज्ञांकडे पाठवायला संकोच करू नका.

पालकांना 'तुमचं मूल खालच्या गटात आहे' हे वाक्य कधी बोलू नका. "त्याला शून्य असलेल्या संख्येतून वजाबाकी करताना अडतं, या तीन आठवड्यांत आम्ही तेच करतोय" हे सांगा. मुख्याध्यापकांनाही तोच कौशल्यांचा कागद दाखवा. त्यांना गट हवे आहेत, ते त्यांना मिळताहेत, आणि कोण कुठून कुठे आलं याची तारखेसह नोंदही. माझ्या अनुभवात असा कागद पुढे ठेवल्यावर रांगांचा आग्रह कुणी फार धरत नाही.

राहिला तो वही न उघडणारा मुलगा. रांगा मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाताना वही मागू नका. त्या वहीत त्याच्या सगळ्या फुल्या आहेत. एक कोरा कागद घेऊन शेजारी बसा, त्यावर दुसऱ्याच कुणीतरी सोडवलेलं वाटावं असं एक गणित तुम्हीच लिहा, ४०३ वजा १५८ बरोबर ५६१, आणि विचारा, "याने काय केलंय बघ बरं?" मग पेन्सिल त्याच्यासमोर ठेवा आणि पाचपर्यंत मोजा.